गिरजे, तुझ्या हातांचं भांडण राहून गेलं

गिरजे,

तू गेल्यापासून आपल्या घरातलं ओरडणं थांबलं आहे. तुझे कान गेल्यावर तुझ्याशी जे बोलायचं ते छपराला धडकेल अशा आवाजात बोलावं लागायचं. डाळीत मीठ कमी पडलं, शेळी व्याली, कोणाची सोयरीक फिसकटली, सगळं गल्लीला आपल्या घरातून कळायचं. जुबेदाबी बांगड्यांची टोपली घेऊन दारावरून जाताना म्हणायची, "तुमारे घर कू रेडू की क्या जरूरत." मी अजून तुझ्या दादांशी ओरडूनच बोलते. ते परवा म्हणाले, "बहिरी गेली. मले ऐकू येते."

ओरडून सांगता येण्यासारखं होतं ते सगळं तुला सांगून झालं. हळू बोलायचं होतं तेवढं राहिलं. काही गोष्टी कानाशीच बोलाव्या लागतात, मोठ्यानं बोलल्या की त्यांचा तमाशा होतो. मग मी म्हणायचे, जाऊ दे, बोलू कधीतरी. आता हे कागदावर मांडते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण तुला ऐकूही येत नव्हतं, आणि तरी मी बोलतच होते ना.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू परकरात होतीस. पहिल्या दिवशी माझं लक्ष तुझ्या डोळ्यांकडे गेलं. बुबुळ सगळ्यांसारखं काळं, पण भोवतीचं पांढरं निळसर, धुतल्या धोतराला नीळ जरा जास्त पडावी तसं. तुझ्या मायचे डोळेही तसेच. तीही उतारवयात बहिरी झाली, कमरेत वाकली. दादांचे डोळे मात्र साधे. बाया म्हणायच्या, पोरीचे डोळे पाहा कसे सुरेख आहेत. बोरीवरून पडून तुझा हात मोडला होता, पण बोरीवरून पडल्यावर कोणाचाही मोडतो. डोळ्यातली नीळ आणि मोडका हात यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

शेलूबाजाराकडे तुला दिली. तिथे किसन झाला. पुढचं तू मला एकदाच सांगितलंस, चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता. न्हाऊ घालणारी बाई त्या दिवशी आली नाही. तू पाय लांब करून पाटावर बसलीस, पोराला पायांवर घेतलं, तेल लावलं. सगळ्या बाया करतात तसं त्याचा डावा पाय वर उचलून उजव्या हाताला टेकवायला गेलीस. मुलाचं अंग मोकळं व्हावं म्हणून आपल्याकडे हे करतातच. मी माझ्या पोरांना केलं, तुला तुझ्या मायनं केलं असेल, तिला तिच्या मायनं. वाळली तुराटी मोडावी एवढाच आवाज झाला, असं तू म्हणालीस.

मग तुझ्या सासूनं पोर तुझ्या हातात दिलं नाही. पाजायच्या वेळी ती स्वतः किसनला धरून तुझ्या पुढ्यात बसायची, आणि तू हात मागे घेऊन बसायचीस. आलेल्या-गेलेल्याला ती सांगायची, "इच्या हातात पोट्टा देऊ नका. इचे हात गोट्याचे हायेत." पुढे त्याचा दंड मोडला तेव्हा तू शेतात होतीस. तरी ते तुझ्याच नावावर गेलं. पहिल्या वेळचा तडा आता दिसला, म्हणे. किसन शेवटी तापानं गेला, छाती भरून. हाडानं गेला नाही. पण त्या गावानं तो तुझ्या हातांवर टाकला, आणि तू तो तसाच घेऊन आपल्या घरी परत आलीस. पोटात विमल होती. नवऱ्यानं दुसरी आणली होती.

विमल झाली तेव्हा मी तिला उचललं आणि तुला म्हणाले, "तू पडून राय. पोरीचं सगळं मी करतो." तेव्हा तुला ऐकू येत होतं. तू काही बोलली नाहीस. तुला बरं वाटलं असेल असं आम्ही धरून चाललो. दादा म्हणाले, तिला दुःखाची आठवण नको. तुझी माय म्हणाली, तेच बरं. घरातल्या कोणाच्याही मनात तुझ्याबद्दल वाईट नव्हतं. मी विमलला न्हाऊ घालायचे आणि तू दाराशी बसून गरम पाणी सरकवायचीस. पाजायच्या वेळी मी तिला तुझ्या कुशीला ठेवायचे, पोट भरलं की उचलायचे. न्हाऊ घालताना मी तिचे हातपाय कधी ओढले नाहीत. कोणी शिकवलं म्हणून नाही, घाबरून.

विमल मोडली तीही बऱ्याचदा. शेळीनं ढुशी दिली तेव्हा नडगी मोडली. शाळेच्या उंबऱ्यावर अडखळली तेव्हा मनगट मोडलं. तिचा एक पाय आखूड राहिला तो त्यातूनच. पण माझ्या हातात ती कधी मोडली नाही. आपलं भांडण सगळं इथेच अडकायचं.

"हाताचं काही नव्हतं गिरजे. पोट्ट्याचं हाडच कच्चं होतं."

"मंग विमलचं?"

"तिचंही कच्चंच हाय."

"तुह्या हातात तं नाही मोडलं कधी."

"नशीब माहं."

"व्हय. नशीब तुह्या हाताले हाय, माह्या हाताले नाही. तेच म्हनून राह्यली मी."

मी चौथी शिकलेली, तू अंगठा लावणारी, पण वादात गप्प मीच व्हायचे. वर तू म्हणायचीस, "मास्तरीणबाई, उत्तर पुस्तकात पायजा आन् मंग या." आणि भाकरी थापायला लागायचीस. तुझ्या भाकरीसारखी पातळ भाकरी या घरात आता कोणाची होत नाही. माझी तर नाहीच, तूच म्हणायचीस की वयनीच्या भाकरीवर पोट्टे बसून नदी पार करतीन.

ते हात दगडाचे होते म्हणणाऱ्यांना मी एकदा आपल्या गोठ्यात आणून उभं करायला हवं होतं. शेळीचं करडू आडवं अडकलं की लोक तुला बोलवायचे. तू हाताला तेल लावून आत घालायचीस आणि हलकेच फिरवून काढायचीस. करडाला धक्का नाही, शेळीला इजा नाही. पण माणसाचं पोर कोणी पुढे केलं की तू लगेच झाडू उचलायचीस, नाही तर शेणाची पाटी. "माहे हात खरकटे हायेत," हे तुझं ठरलेलं होतं. नव्या सुना तुला माणूसघाणी समजायच्या. मी कोणाला काही सांगत नसे. काय सांगणार?

विमलचं लग्न आपल्या इकडच्याच मालेगावात झालं. जावई कचेरीत शिपाई, स्वभावानं गरीब. आपण त्याला आधीच सांगितलं होतं की पोरीची हाडं कमजोर आहेत. तो म्हणाला होता, "माहा सोभाव कमजोर हाय. जमते." तू हसली होतीस. ऐकू काहीच आलं नसेल, पण त्याचं तोंड पाहून हसली असशील.

तिला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात विहिरीवर पाणी शेंदताना तिचं मनगट पुन्हा मोडलं. मालेगावच्या डॉक्टरनं अकोल्याला न्यायला सांगितलं. आपण तिघी जऊळक्याच्या स्टेशनावरून आगगाडीत बसलो. तू खिडकीशी बसून सगळी वाट गाडीच्या धुराला शिव्या देत होतीस.

अकोल्याच्या दवाखान्यात एक बाई डॉक्टर होती, आपल्या विमलच्याच वयाची. तिनं मनगट पाहिलं, मग विमलचे डोळे पाहिले. मग भिंतीशी बसलेल्या तुझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठून तुझ्याजवळ येऊन तुझी पापणी वर केली. तुला वाटलं ती तुझा मोतीबिंदू काढते. तू तिचा हात झटकलास. ती रागावली नाही. मला विचारलं, "यांना ऐकू येत नाही का? घरात आणखी कोणाचे डोळे असे होते?" मी तुझ्या मायचं सांगितलं, किसनचं सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती, मध्ये बोलत नव्हती.

मग तिनं समजावलं. हाड म्हणजे नुसता चुना नाही, म्हणाली. चुना धरून ठेवायला आत बारीक धागे असतात. त्यांना कोलॅजन म्हणतात. ते तीन पेडी दोरासारखे वळलेले असतात. यांच्या घरात एखादा पेड खराब निघतो, आणि एक पेड खराब निघाला की सगळा दोर हलका पडतो. तेच धागे डोळ्याच्या पांढऱ्यात असतात. तिथे ते विरळ पडले की आतली निळाई दिसते. कानातही असतात, म्हणून कान जातात.

मी विचारलं, "पेड खराब काहून निंगते?"

"धागा कसा वळायचा ते माणूस जन्माआधीच घेऊन येतो. जनुक म्हणतात त्याला, आईबापाच्या बीजातून येतं. आईत ही चूक असली तर काही मुलांत उतरते, काहींत नाही. नेमकी चूक कुठे आहे ते अजून शोधताहेत."

"आन् औषध?"

"औषध नाही. सांभाळायचं. होणाऱ्या बाळाला तेल लावा, पण ओढू नका. पायाला धरून उचलू नका. पाठीखाली आणि कुल्ल्याखाली पूर्ण तळवा घालून उचला."

"मंग पैल्या पोट्ट्याचं? थ्यात हाताचा काई दोष?"

"कोणाच्याही हाताचा नाही. अशा बाळाचं हाड कूस बदलतानाही मोडतं."

मला तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. किती वर्षांचं भांडण मी जिंकले होते, आणि तेही पुस्तकातलं उत्तर आणून. अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी तुला ते ओरडून सांगितलं. हमाल डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून ऐकत थांबले.

"गिरजे, तुह्या हाताचा दोष नव्हता. डॉक्टरीन म्हनते. थे तुह्या मायपासून आलं. तुह्यात आलं, तुह्यातून किसनात गेलं, विमलमंधी गेलं."

दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी तुला सगळं कळलं. तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "म्हंजे हातातून नाही, पोटातून."

मी मान हलवली. मी मूर्खासारखी मान हलवली.

"हात तं मी मांग घेतले वयनी," तू म्हणालीस. "पोट कुठी मांग घेऊ?"

गाडी आली. विमल फलाटावरच्या बाकावर प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला उत्तर सुचलं ते निम्म्या वाटेत. तुला विचारायला हवं होतं, तुझ्या मायनं तुला हे दिलं, तू तिला कधी दोष दिलास का? तिला शेवटी उचलून न्हाऊ घालताना तुझ्या मनात एकदा तरी आलं का की या बाईनं माझं वाटोळं केलं? आलं नसणार. मग तू कशाला तेच स्वतःला लावतेस? पण गाडीच्या खडखडाटात आणि डब्यात भरलेल्या माणसांत हे ओरडून कसं विचारायचं? म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर शेळ्या होत्या, सरपण होतं. ते राहिलं. तुला हातांतून सोडवायला गेले आणि दुसऱ्या जागी बांधून आले.

सुजाता झाली. रडायला तोंड उघडलं, डोळे उघडले, आणि आपण सगळ्यांनी आधी डोळेच पाहिले. नीळ होती. विमल बाळंतपणाला आपल्याकडेच होती. तू रोज त्या पोरीजवळ बसायचीस. पदरानं माश्या वारायचीस, लंगोट उन्हात तापवून घडी करून ठेवायचीस. ती रडली तर तुला ऐकू यायचं नाही, पण तिचं तोंड वाकडं झालं की सगळ्यांच्या आधी तू विमलला हाक मारायचीस. बोट मात्र लावलं नाहीस. एकदा सुजातानं स्वतःच तुझं बोट पकडलं. तू किती वेळ तशीच बसलीस, श्वाससुद्धा हळू घेत, आणि ती झोपल्यावर विमलकडून तिची मूठ सोडवून घेतलीस.

मग तू अंगणात घसरलीस आणि मांडीचं हाड मोडलं. त्या वयात ते हाड मोडलं की माणूस उठत नाही हे तुलाही ठाऊक होतं. "आता माही पाळी," एवढंच म्हणालीस.

तुला धाप लागायला सुरुवात झाली होती त्या दुपारी विमलनं सुजाताला आणलं आणि म्हणाली, "मामी, आईच्या हातावर ठेवू का हिले?" मी म्हणाले, "राहू दे. बुढीच्या हातात दम नाही." तुला ऐकू आलं नाही. पण मी हात हलवून नाही म्हटलं ते तू पाहिलंस. तू आपला हात गोधडीच्या आत घेतलास. मी ते पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. औषधाची वेळ झाली होती, मी पाणी आणायला उठले.

तू गेलीस. जलदानाचा विधी झाला. बौद्धाचार्य चांगलं बोलले, तू कष्टाळू होतीस म्हणाले. पाहुणे गेले. विमल अजून माहेरीच होती.

त्यानंतर एका सकाळी मी सुजाताचा लंगोट बदलत होते. डॉक्टरीणबाईनं सांगितलं तसंच सगळं केलं, गिरजे. पायाला धरलं नाही. कुल्ल्याखाली तळवा घातला, जरासं उचललं, खालचं फडकं ओढून घेतलं. आणि मला तो आवाज ऐकू आला. तू सांगितला होतास तेवढाच. तुराटीचा.

पोरगी जी रडली, ते रडणं अजून माझ्या कानात आहे. विमल धावत आली. मी दोन्ही हात वर धरून बसले होते, पीठ लागल्यासारखे. तुझे दादा म्हणाले, "काय केलं वं तू?" तेवढंच म्हणाले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मला कळलं, तुझ्या सासरी त्या दिवशी हे किती जणांनी विचारलं असेल.

विमलनं सुजाताच्या पायाला पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या. तिला सवय आहे. मग पोरीला अकोल्याला नेऊन आणलं. हाड जुळेल, म्हणाले. अशी हाडं इतरांसारखीच जुळतात, फक्त जुळून पुन्हा तशीच होतात.

अकोल्याहून आल्यावर मी ओट्यावर जाऊन ज्वारी निवडत बसले. निवडलेलीच ज्वारी पुन्हा निवडत होते. विमल आली, पोरीला दोन्ही तळव्यांवर घेऊन, प्लास्टरच्या पायासकट, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"घे मामी."

"माहे हात..." असं म्हणाले आणि थांबले. तोंडातून तुझंच वाक्य येत होतं.

"घे म्हनतो ना. मले पानी भरा लागते."

"तुह्या नवऱ्याले येऊ दे. थो घेईन."

"त्याच्याही हातून मोडन एखांद्या दिवशी. माह्याही हातून मोडन. मंग काय, पोट्टीले गोधडीवरच ठेवू का साऱ्या जिंदगीभर?"

"पुन्हा मोडलं तं?"

"मोडलं तं बांधू." आणि तिनं माझ्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, पोरीला तिथे ठेवलं, आणि घागर घेऊन निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी बसले. पोरगी माझ्या पदराचं टोक चावत होती. माझे हात थरथरत होते, मग थांबले. थांबायला फार वेळ लागला नाही. तीच गोष्ट मला आता सोडत नाही, गिरजे. फार वेळ लागला नाही.

मी किती वर्षं तुला सांगत राहिले की हाताचा दोष नाही. सांगताना पोर मात्र माझ्याच हातात होतं. विमल जन्मली त्या दिवशी मी तिला उचलण्याऐवजी तुझ्या हातात द्यायला हवं होतं, आणि पाणी भरायला निघून जायला हवं होतं. तुझी सासू तुला वाईट म्हणून पोर देत नव्हती. आम्ही तुझ्या भल्यासाठी देत नव्हतो. तुझ्या हातांना त्यात काय फरक पडला?